मध्यस्थाची वही उघडी हवी

पुण्यात ग्रंथसूची, वारसावास्तूंची यादी, जुन्या नकाशांचा संग्रह असलं काही 'लिंक्ड डेटा' (एकमेकांशी जोडलेला डेटा) म्हणून खुलं करायची बोलणी निघाली, की तासाभरात दोन तट पडतात. पहिला म्हणतो, डेटा ट्रिपल स्टोअरमध्ये, म्हणजे तीन पदांची विधानं साठवणाऱ्या कोठारात, भरा, त्यावर स्पार्कल एंडपॉइंट, म्हणजे स्पार्कल भाषेतले प्रश्न घेणारा वेबपत्ता, उघडा, काम संपलं. मध्ये आणखी काही घालणं म्हणजे खुल्या दाराला कुलूप. दुसरा तट बहुधा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून आलेला असतो. तो म्हणतो, स्पार्कल येतं कुणाला? साधे पत्ते द्या, जेसन (ॲपला सोपं जाणारं डेटाचं मजकुरी रूप) द्या, आत काय चालतं ते आम्ही बघून घेऊ. वाद रंगतो, कारण दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल कुणीच बोलत नाही. एंडपॉइंट आणि वापरणारा यांच्यामधला थर हवा की नको यावर घसे कोरडे करण्यात अर्थ नाही, तो लागतोच. भांडायचंच असेल तर यावर भांडावं, की तो थर आपल्या वतीनं एंडपॉइंटला नेमकं काय विचारतो, हे बाहेरच्या माणसाला वाचता येतं का? माझं म्हणणं असं की मधल्या थरातली प्रत्येक क्वेरी, म्हणजे एंडपॉइंटला घातलेला प्रत्येक प्रश्न, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, सर्वांना दिसेल अशा जागी असावी, आणि त्या फाइलींनाच एपीआय, म्हणजे प्रोग्रामांनी डेटा मागायचं दार, मानावं. हे जमणार नसेल तर थर नसलेला बरा.

पहिल्या तटाचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. एपीआय फक्त तेच प्रश्न सोडवतं, जे लिहिणाऱ्याला सुचले. स्पार्कलचं सगळं मोल न सुचलेल्या प्रश्नांत आहे. 'सिंहगड – तालुका – हवेली' असं तीन पदांचं एकेक विधान साठवायचं, अशी लाखो विधानं जोडायची, आणि मग त्यांवर वाटेल तो प्रश्न टाकायचा. पुणेकरांना याचा दाखला लांब शोधायला नको. रियासतकार सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांतून (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांतून) निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. मोडी न येणाऱ्या, दफ्तराची पायरीही न चढलेल्या वाचकाला अठरावं शतक खुलं झालं, ते त्या खंडांमुळे. पण निवड मुख्यतः राजकारणाच्या अंगानं होणार, हे ओघानंच आलं. ज्याला धान्याचे भाव किंवा पाटबंधाऱ्यांची दुरुस्ती शोधायची आहे, त्यानं काय करायचं? त्याला रुमालच सोडावे लागतात. म्हणून कच्चा एंडपॉइंट बंद करून फक्त एपीआय ठेवायला माझा विरोध आहे. निवड छापा, पण दफ्तराला टाळं लावू नका.

एवढं मान्य केलं, तरी 'दफ्तर उघडं आहे, या आणि वाचा' एवढ्यावर थांबणाऱ्यांचं म्हणणं टिकत नाही. स्पार्कलची पहिली आवृत्ती २००८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाली, १.१ ही आवृत्ती २०१३ साली. त्याच २०१३ साली ४२७ सार्वजनिक एंडपॉइंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २७ महिने पाळत ठेवल्यावर दिसलं की महिन्याला ९९ टक्के वेळ चालू राहण्याची अपेक्षा फक्त ३२.२ टक्के एंडपॉइंटांकडून धरता येते. आणि ९९ टक्के ही काही मोठी चैन नव्हे. ३० दिवसांच्या महिन्यात सव्वासात तासांच्या आसपास बंद, एवढी सूट त्यात आहेच. हे का होतं? एंडपॉइंट चालवणारे आळशी असतात म्हणून नव्हे. भाषाच अशी आहे की दोन ओळींची निरागस क्वेरी सर्व्हरला झोपवू शकते. सामान्य रूपात स्पार्कलचं मूल्यमापन पीस्पेस-पूर्ण आहे, म्हणजे सर्वांत वाईट प्रसंगी किती काम पडेल याला व्यवहारात धरबंध नाही. म्हणून प्रत्येक मोठा एंडपॉइंट कुंपण घालतो. विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या कुटुंबातला खुला डेटासंग्रह, ६० सेकंदांनी क्वेरी तोडतं. विकिपीडियातून काढलेल्या डीबीपीडियाकडून एका फेरीत १० हजारांपेक्षा जास्त ओळी येत नाहीत, आणि इथे खरी गोम आहे: उरलेल्या कापल्या गेल्या तरी उत्तर '२०० ओके', म्हणजे 'सगळं ठीक', असंच येतं. नेमक्या १० हजार ओळी आल्या म्हणजे उत्तर अपुरं असण्याचीच शक्यता जास्त, हे ओळखून इशारा देणारं कुणीतरी मध्ये हवं. प्रत्येक विद्यार्थ्यानं हे आपल्या आपण शिकावं, अशी अपेक्षा धरणं म्हणजे खुलेपणाच्या नावाखाली दाराशी परीक्षा घेणं.

आता हिंजवडीकर. त्यांचाही मुद्दा पोकळ नाही. आठशे ओळींच्या जेसनमध्ये प्रत्येक मूल्याला प्रकार, मजकूर, भाषा असं तीनदा गुंडाळून देणारं स्पार्कलचं उत्तर मोबाइल ॲपच्या कामाचं नसतं. ज्या डेव्हलपरला शुक्रवारपर्यंत स्क्रीन उभा करायचा आहे, त्याला ऑन्टॉलॉजी (डेटातल्या संज्ञांची व्यवस्था) शिकवत बसण्यात हशील नाही. त्याला पत्ता हवा, पॅरामीटर (पत्त्यासोबत द्यायची मूल्यं) हवेत, उदाहरण हवं. इथवर ठीक. पण त्यांचा उपाय असा की नोड किंवा जँगोसारख्या वेब-साधनांत पन्नास रूट (एकेका पत्त्याचा कोड) हातानं लिहायचे आणि प्रत्येकात क्वेरीचा मजकूर कोंबायचा. इथे मी थांबवतो.

कारण क्वेरी हा नुसता तांत्रिक भाग नाही. 'पुण्यातले किल्ले' असा साधा पत्ता घ्या. पुणे म्हणजे शहर की जिल्हा? विकिडेटावर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सिंहगड हवेली तालुक्याला जोडलेला असेल आणि क्वेरीनं थेट जिल्ह्यालाच जोडलेले किल्ले मागितले, तर सिंहगड गळतो, जुन्नर तालुक्याला जोडलेला शिवनेरीही गळतो. तालुक्यातून जिल्ह्यात चढत जाणारा मार्ग लिहावा लागतो आणि तो महाग पडतो. 'किल्ला' या वर्गाचे उपवर्ग धरायचे का? गिरिदुर्ग आणि भुईकोट दोन्ही? शनिवारवाडा किल्ला की वाडा? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर क्वेरीच्या एकेका ओळीत दडलेलं असतं. हातानं लिहिलेल्या रूटमध्ये तो निर्णय कुठल्याशा जावास्क्रिप्ट फाइलच्या दोनशेव्या ओळीत पुरला जातो. बाहेरच्याला दिसतात फक्त किल्ल्यांची नावं, आणि ती नावं यादी म्हणून शाळेच्या प्रकल्पापासून वृत्तपत्रापर्यंत फिरतात. किल्ला कशाला म्हणायचं हे कुणी ठरवलं, हे विचारायला जागाच उरत नाही.

भांडारकर संस्थेतली महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथे आठवते. १९१९ साली काम सुरू झालं, १९६६ साली संपलं. त्यात संपादकांनी निवड केली नाही का? भरपूर केली, शेकडो वर्षं म्हटले गेलेले श्लोक मूळ संहितेतून बाजूला काढले. पण वर स्वीकारलेला पाठ आणि त्याच पानावर खाली नाकारलेले पाठभेद, कोणत्या हस्तलिखितात काय आहे याच्या खुणांसकट. ज्याला संपादकांचा निर्णय पटत नाही, तो त्याच पानावर बोट ठेवून भांडू शकतो, आणि विद्वान तसे भांडलेही. एपीआयला असं तळाचं अर्धं पान का नको?

ते देणारी साधनं आहेत, आणि चर्चेत त्यांचं नाव क्वचित निघतं याचं नवल वाटतं. २०१६ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये तयार झालेलं जीआरएलसी, ज्याचा उच्चार त्याचे कर्ते 'गार्लिक' असा करतात, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतलं बेझिल, ओपनसायटेशन्सचं रामोज. (लसूण आणि तुळस एका ताटात वाढणारे संशोधक बहुधा भुकेल्या पोटी नावं ठेवतात.) गार्लिकची कल्पना सर्वांत साधी. गिट या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या रिपॉझिटरीत (साठ्यात) प्रत्येक क्वेरीची एक फाइल, आरक्यू विस्ताराची. फाइलच्या माथ्यावर हॅश आणि अधिक चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी: सारांश काय, कोणता एंडपॉइंट, गेट की पोस्ट (प्रश्न पत्त्यातून पाठवायचा की विनंतीच्या पोटातून), एका पानात किती नोंदी, कोणत्या पॅरामीटरची कोणती मूल्यं चालतील. क्वेरीतल्या चलाच्या नावाआधी एक अंडरस्कोअर लावला की तो पॅरामीटर होतो, दोन लावले की ऐच्छिक. नावाच्या शेवटी भाषेचा संकेत किंवा 'आयआरआय' जोडला की त्याचा प्रकार ठरतो. ही खूण मूळ बेझिलची. एवढ्यावर गार्लिक पत्ते तयार करतं, ओपनएपीआय या प्रमाण पद्धतीतलं वर्णन आणि पत्ते वापरून बघायचं स्वॅगरचं पान तयार करतं, आणि हिंजवडीकराला हवं ते सगळं मिळतं. पत्त्यात गिटच्या ठरावीक कमिटचा (जपलेल्या बदलाचा) क्रमांक देता येतो, म्हणजे उद्या क्वेरी बदलली तरी कालच्या प्रबंधातलं उत्तर कोणत्या प्रश्नाचं होतं ते सापडतं.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. हॅशनं सुरू होणारी ओळ स्पार्कलच्या दृष्टीनं नुसती टिप्पणी असते. त्यामुळे ती फाइल जशीच्या तशी एंडपॉइंटच्या खिडकीत चिकटवली तरी चालते. फक्त पॅरामीटरचं चल मोकळं राहतं आणि गाळणी न लागता सगळ्या नोंदी येतात, तेव्हा आधी मर्यादा घालावी. 'ही संशोधकांनी केलेली साधनं, त्यांचा निधी आटला की मरतात' हा आक्षेप नेहमी येतो आणि तो खराच आहे. अशा साधनांची यादी काढली तर निम्म्यांच्या दाराला जळमटं दिसतील. पण इथे साधन मेलं तर काय जातं? सोन्याचा भाग, म्हणजे क्वेरी, साध्या मजकुरात शाबूत असतो. शंभर-दोनशे ओळींच्या पायथनमध्ये दुसरा वाढपी उभा करता येतो. नोडमधले पन्नास रूट असे सुटे करून बघा. रामोज या बाबतीत थोडं मागे पडतं, कारण तिथे क्वेरी त्यांच्या स्वतःच्या हॅश-स्वरूपाच्या फाइलीत बांधलेली असते. त्याची भरपाई ते दुसरीकडे करतं: क्वेरीआधी आणि क्वेरीनंतर पायथनची फंक्शनं लावता येतात, आणि गाळणं, क्रम लावणं, जोडलेल्या मजकुराची पुन्हा यादी करणं पत्त्यातूनच होतं.

या शेवटच्या सोयीची गरज का पडते? स्पार्कलचं उत्तर सपाट तक्ता असतं. एका लेखकाचे ३ व्यवसाय आणि २ पुरस्कार असतील तर त्याच्या ६ ओळी येतात. एका पानात १०० अशी मर्यादा बाहेर लावली तर १०० लेखक मिळत नाहीत, १०० ओळी मिळतात, आणि शेवटचा लेखक मधोमध चिरला जातो. त्यात क्रम लावलेला नसेल तर दुसऱ्या पानावर पहिल्यातल्याच नोंदी पुन्हा येऊ शकतात, कारण क्रम सांगितल्याशिवाय कोणताही क्रम राखायला स्टोअर बांधील नाही. उपाय ठरलेला आहे: आतल्या उपक्वेरीत आधी १०० ओळखक्रमांक, क्रमानं, मग बाहेर त्यांचा तपशील, अनेक मूल्यं एकत्र जोडायची ती स्वल्पविरामानं नव्हे, उभ्या रेघेसारख्या नावांत न येणाऱ्या चिन्हानं. हे एकदा फाइलमध्ये लिहिलं की शंभर जणांचा त्रास वाचतो, आणि चुकलं असेल तर शंभरातला एक जण ते दाखवूही शकतो.

मराठीचा डेटा असेल तर मधल्या थरावर आणखी एक जबाबदारी येते, जिच्याबद्दल दोन्ही तट गप्प असतात. सासवड-जेजुरीकडून वाहणाऱ्या कऱ्हा नदीचं नाव टाइप करा. एक कीबोर्ड युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा 'ऱ' वापरतो. दुसरा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच, एंडपॉइंटला मात्र दोन वेगळी नावं. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण इथे उपयोगी पडत नाही. ते नुक्त्याचा फरक मिटवतं, जॉइनरचा नाही. 'सातारा', 'शेतकरी' यांच्या सामान्यरूपांपर्यंत सगळीकडे हीच गत. डेटा आपल्या हातात नसेल तर मधल्या थरानं दोन्ही रूपं तयार करून क्वेरीतल्या 'व्हॅल्यूज' नावाच्या यादीत घालायची, एवढाच मार्ग उरतो. दुसरी ठेच भाषेच्या शेपटीची. 'पुणे' आणि 'पुणे, भाषा मराठी' ही स्पार्कलला वेगळी मूल्यं. शेपटी विसरली की उत्तर रिकामं. वैतागून लोक शेपटी काढून मजकुराची तुलना करतात, मग शोध जलद करणारा इंडेक्स वापरात येत नाही आणि ६० सेकंदांची कुऱ्हाड पडते. तिसरी, नावांच्या पर्यायांची. विकिडेटाच्या नावं पुरवणाऱ्या लेबल सेवेला मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असा क्रम देण्याची पद्धत आहे. मराठी लेबल नसलं की हिंदी मुकाट्यानं पुढे येतं आणि आपल्या यादीत 'सोलापुर', 'नागपुर' अशी ऱ्हस्व उकाराची गावं उगवतात. मधल्या थरानं नावासोबत त्याची भाषाही परत द्यावी, म्हणजे उसनं काय आहे ते कळेल. लांबीचाही हिशेब असतो: पत्त्यात घालताना देवनागरीच्या एकेका वर्णाची ९ अक्षरं होतात, चार वर्णांचं 'पुणे' ३६ अक्षरांचं. बरेच सर्व्हर ८ हजारांच्या आसपास ४१४ ची ('पत्ता फार लांब') चूक देऊन थांबतात. मराठी नावांची लांब यादी गेटनं पाठवणाऱ्याला ती भेटतेच. म्हणून बाहेरच्यांसाठी छोटा गेट पत्ता आणि आतून एंडपॉइंटकडे पोस्ट.

सुरक्षेचं थोडक्यात. पॅरामीटरचं मूल्य क्वेरीत नुसतं चिकटवलं तर अवतरणचिन्ह आणि महिरपी कंस घालून कुणीही क्वेरी फोडू शकतो. विचारणं आणि बदलणं ही स्पार्कलमध्ये दोन वेगळी व्याकरणं असल्यानं डेटा उडवला जाण्याची भीती कमी; पण दुसऱ्या एंडपॉइंटला विचारायला लावणाऱ्या 'सर्व्हिस' अशा घुसवलेल्या ओळीनं तुमच्या सर्व्हरलाच आतल्या जाळ्यातल्या पत्त्यांवर पिटाळता येतं. विकिडेटाचा ओळखक्रमांक असेल तर 'क्यू आणि पुढे फक्त अंक' एवढंच स्वीकारायचं, मजकूर असेल तर अवतरण आणि उलटी तिरकी रेघ निष्प्रभ करायची, शक्य तिथे मोजक्या मूल्यांची यादीच द्यायची. क्वेरी उघडी ठेवली की हल्लेखोराला ती दिसते, असं कुणी म्हणेल. दिसू दे. झाकलेल्या फाइलवर भरवसा ठेवून ही गाळणी टाळणारेच जास्त धोक्यात असतात.

आता माझ्याच बाजूला बोचणारा मुद्दा, जो विरोधकांनी मांडायला हवा होता. विकिडेटा प्रत्येक ग्राहकाला, म्हणजे आयपी पत्ता आणि यूजर एजंट (विचारणाऱ्या प्रोग्रामची ओळख) यांच्या जोडीला, मिनिटाला ६० सेकंद एवढाच प्रक्रियेचा वेळ देतं. चुकणाऱ्या क्वेरी मिनिटाला ३० पर्यंतच चालतात. ब्राउझरमधून थेट विचारणाऱ्या प्रत्येकाला आपापला वाटा मिळतो. मधला थर घातला की तुमचे सगळे वापरकर्ते एकाच ग्राहकाच्या पंगतीला बसतात आणि कुण्या वर्गानं एकदम पान उघडलं की ४२९ ('फार विनंत्या झाल्या') येतो. हे टाळणारा एकच उपाय, कॅशे (आधीचं उत्तर जपून तेच पुन्हा देणं), आणि तो आधी बसवल्याशिवाय मधला थर लोकांपुढे आणू नये. ठरावीक पत्त्यांचा इथे फायदा होतो: कच्च्या क्वेरीत एक रिकामी जागा जास्त पडली तरी कॅशेला ती नवी वाटते, पत्ता मात्र तोच राहतो. किल्ल्यांची यादी तासाला बदलत नाही. २४ तासांची कॅशे पुरे, आणि एंडपॉइंट पडला असेल तेव्हा शिळं उत्तर 'शिळं आहे' असं सांगून द्यायची सोय. शिळं चालेल, खोटं चालणार नाही. एंडपॉइंटनं वेळ संपली म्हणून तोडलं आणि मधल्या थरानं ती चूक गिळून रिकामी यादी '२०० ओके' म्हणून वाढली, तर जुन्नर तालुक्यात किल्लेच नाहीत असं कुणीतरी छापून मोकळं होईल. तिथे ५०४ ('वेळ संपली') द्यायला हवा, आणि ४२९ आला तर किती वेळानं पुन्हा यावं ती सूचना पुढे पोचवायला हवी. पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या भूमिगत नळावर ठरावीक अंतरानं उच्छ्वास (हवा खेळायला आणि तपासायला ठेवलेली बांधीव तोंडं) बांधले होते. इथले उच्छ्वास म्हणजे नोंदी: कोणती फाइल, कोणतं कमिट, किती सेकंद, किती ओळी, एंडपॉइंटचा कोणता प्रतिसाद.

थरानं काय वाचतं, हे मे २०२५ मध्ये दिसलं. विकिडेटानं आपला ग्राफ (विधानांचं जाळं) दोन भागांत तोडला आणि विद्वत्लेखांच्या नोंदी वेगळ्या एंडपॉइंटवर गेल्या. ज्यांच्या क्वेरी ॲपच्या पोटात होत्या त्यांना ॲपच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागणार; ज्यांच्या क्वेरी एका रिपॉझिटरीत होत्या त्यांना फाइलींच्या माथ्यावरची एंडपॉइंटची ओळ बदलायची, आणि जिथे दोन्ही भाग लागतात तिथे जोडणीची ओळ घालायची. 'मग सरळ ग्राफक्यूएल (एपीआयला प्रश्न विचारायची दुसरी भाषा) लावा' म्हणणाऱ्यांना इतकंच विचारतो: तुमचा स्कीमा (डेटाचा आराखडा) कुणी निवडला, आणि तो कोणत्या क्वेरीत उतरतो हे मला कुठे वाचायला मिळेल?

आणि सगळ्यांनाच हे सगळं हवं असंही नाही. पाच हजार ओळींची यादी, वर्षातून एकदा बदलणारी, कुठल्या दुसऱ्या संग्रहाशी न जोडलेली, असं असेल तर सीएसव्ही फाइल टाका, वर तारीख लिहा आणि घरी जा. ट्रिपल स्टोअर, एंडपॉइंट, मधला थर, तिघांनाही पोसायचा खर्च तिथे उधळपट्टीचा आहे. संग्रह एकमेकांशी जोडायचे असतील, सूचीतला लेखक, नकाशातलं गाव आणि वास्तूच्या यादीतला वाडा एकाच धाग्यात ओवायचे असतील, तेव्हाच या वाटेला जावं.

त्या वाटेला गेलात तर खर्चाच्या तक्त्यात सर्व्हरच्या खाली एक ओळ वाढवा. किल्ल्यांची फाइल उघडी ठेवली की महिन्याभरात कुणीतरी बदल पाठवणार: शनिवारवाडा यातून काढा, हा वाडा आहे. दुसरा कुणीतरी लगेच त्याखाली लिहिणार की तटबंदी आणि बुरूज आहेत, राहू द्या. हे वाचून निर्णय देणारी, आणि निर्णयाचं कारण त्याच फाइलमध्ये टिप्पणी म्हणून लिहून ठेवणारी एक व्यक्ती लागेल, आठवड्याला दोन-तीन तासांची. तिला किल्ल्यांचं माहीत असायला हवं. लागेल तेवढं स्पार्कल आठवड्याभरात शिकवता येतं.